सहा फुटी टँकमधली भाऊबंदकी

मासेवाल्याच्या दुकानात एक टँक हमखास असतो. बोटाच्या पेराएवढे शंभर-दीडशे मासे, पिवळे, निळे, केशरी, पट्ट्यांचे, सगळे काचेशी गर्दी करून आपल्याकडे बघत असतात. काचेवर स्केचपेनने लिहिलेलं असतं, ‘मिक्स आफ्रिकन’, म्हणजे आफ्रिकन सिक्लिड कुळातल्या माशांची सरमिसळ. सुटा घेतला तर एक भाव, दहा पीस घेतले तर दुसरा. माझी सुरुवात त्याच टँकपाशी झाली. घरी चार फुटी टँक, दहा पीस, घरातल्या प्रत्येकाने आपापले निवडलेले. दहा महिन्यांनी टँकमध्ये एकच मासा उरला. तो काळाकुट्ट होता, अंगावर फिकट निळसर पट्टे होते, आणि आमच्या घरात काळा मासा कुणीच निवडलेला नव्हता.

उलगडा पुढे झाला. तो ऑरॅटस होता, मेलॅनोक्रोमिस ऑरॅटस. लहानपणी या जातीचे नर-मादी दोघंही सोनेरी पिवळे असतात, पाठीवर काळे-पांढरे पट्टे. नर वयात आला की त्याचा रंग जवळजवळ उलटा होतो, पिवळ्याचा काळा. मुलीने ‘हा सगळ्यात गोड आहे’ म्हणून निवडलेला पिवळा मासा तोच. बाकीच्या नऊ जणांना त्याने एकेक करून हीटरच्या मागच्या कोपऱ्यात गाठलं होतं. केनयी नावाचा मासा याच्या उलट फसवतो: पिल्लं सगळी निळी, पट्टेदार, देखणी, नर मोठा झाला की पिवळा पडतो आणि टँकचा मालक होऊन बसतो. दुकानातल्या एक इंची पिल्लाकडे पाहून पुढचा मासा ओळखता येत नाही, ही या छंदातली पहिली मेख.

आता ओळखीतलं कुणीतरी महिन्या-दोन महिन्यांनी फोन करतं. ‘सहा फुटी टँक घेतलाय, कोणते आफ्रिकन टाकू?’ त्यांना नावांची यादी हवी असते, हा त्याच्याबरोबर चालतो, तो याच्याबरोबर चालत नाही. अशा याद्या इंटरनेटवर भरपूर आहेत आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत. कारण हे मासे अमुक जातीशी वैर असं धरतच नाहीत. त्यांचं भांडण आपल्यासारखा दिसणारा, आपलंच अन्न खाणारा आणि आपल्याच दगडावर डोळा ठेवणारा जो असेल त्याच्याशी असतं. गावाकडे बांधावरून कोर्टात जाणारे लोक बहुतेक वेळा चुलतभाऊ असतात, तसंच हे. ही भाऊबंदकी समजली की यादी आपली आपल्याला करता येते.

आफ्रिकन म्हणजे कुठला?

आधी नावाचं बघू. कुणी सिक्लिड म्हणतं, कुणी चिक्लिड, मासा तोच. हे कूळ आपल्याला अगदी परकं नाही. उजनीच्या जलाशयातला चिलापी म्हणजे तिलापिया, तो आफ्रिकन सिक्लिडच. मोझांबिक तिलापिया भारतात १९५२ साली आणला गेला. आणि गोव्यात खाडीच्या पाण्यात मिळणारा काळुंदर, ज्याला केरळात करीमीन म्हणतात, तो तर आपला देशी सिक्लिड. मत्स्यप्रेमींच्या टँकमध्ये जे ‘आफ्रिकन’ असतात ते मात्र बहुतांशी पूर्व आफ्रिकेतल्या तीन प्रचंड तलावांमधले: मलावी, टांगानिका आणि व्हिक्टोरिया. पश्चिम आफ्रिकेच्या नद्यांमधला क्रिबेन्सिससुद्धा आफ्रिकनच, पण त्याला मऊ पाणी लागतं आणि तो स्वभावाने मवाळ. मलावीच्या माशांत त्याला सोडणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच.

मलावी तलाव मलावी, मोझांबिक आणि टांझानिया या तीन देशांत पसरलेला आहे. लांबी साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे, सर्वांत खोल जागी पाणी सुमारे ७०० मीटर. त्यातल्या सिक्लिडांच्या जाती कित्येक शेकडा आहेत, आणि त्यातल्या जवळजवळ सगळ्या जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाहीत. तलावाच्या दक्षिण टोकाचा केप मॅक्लिअरचा भाग १९८४ पासून जागतिक वारसा यादीत आहे, तो मुख्यतः या माशांमुळे. एका तलावात इतक्या जाती कशा झाल्या याचं उत्तर लांबलचक आहे, पण त्यातला एक धागा आपल्या कामाचा आहे. सिक्लिडच्या घशात जबड्यांची दुसरी जोडी असते. चावून बारीक करण्याचं काम घशातला जबडा करतो, त्यामुळे पुढचा जबडा मोकळा राहतो आणि एकेका जातीत एकेका कामासाठी घडत जातो: कुणाचा दगड खरवडायला, कुणाचा वाळू चाळायला, कुणाचा दुसऱ्याला गिळायला. म्हणून या माशांची निवड करताना रंगाच्या आधी तोंड बघायचं.

खडकातले आणि उघड्यावरचे

मलावीच्या माशांचे आपल्यापुरते दोन मोठे गट. पहिला म्बुना. हा तिथल्या टोंगा भाषेतला शब्द. म्बुना म्हणजे काठच्या खडकांत राहणारे छोटे, चार-पाच इंचांचे, सतत लगबगीत असलेले मासे. पाण्यातल्या खडकांवर शेवाळाचा एक जाड थर असतो, त्यात बारीक किडेही असतात. म्बुना दिवसभर तो थर खरवडत असतात. दुसरा गट हॅप आणि पीकॉक यांचा. हॅप उघड्या पाण्यात फिरतात, त्यातले काही प्लवक टिपतात, काही सरळ शिकारी. पीकॉक वाळूवर राहतात. त्यांच्या जबड्याखाली संवेदनशील खळगे असतात. पीकॉक वाळूच्या अगदी वर तरंगत थांबतो, वाळूतल्या किड्याची हालचाल त्याला त्या खळग्यांतून कळते आणि मग तो एकदम तोंड खुपसतो. वाळूऐवजी जाड खडी घातलेल्या टँकमध्ये हे कधीच दिसत नाही.

म्बुना आणि पीकॉक एकत्र ठेवावेत का? दुकानदार हो म्हणतो, कारण दोन्ही त्याच्याकडे आहेत. मी नको म्हणतो, आणि माझं कारण भांडणापेक्षा ताटाशी जास्त जोडलेलं आहे. शेवाळ पचायला वेळ लागतो, म्हणून म्बुनाचं आतडं शरीराच्या लांबीच्या कित्येक पट लांब असतं. त्याला रोज ट्युबिफेक्स, ब्लडवर्म असलं प्रथिनांनी ठासलेलं खाणं दिलं की पचन बिघडतं. पोट फुगतं, मासा खाणं सोडतो, पांढरी दोऱ्यासारखी विष्ठा लोंबकळते, आणि तीन-चार दिवसांत तो जातो. याला मलावी ब्लोट म्हणतात. नेमकं कारण काय यावर जाणकारांत वाद आहेत; कुणी आतड्यातल्या परजीवींवर बोट ठेवतं, कुणी खराब पाण्यावर, कुणी ताणावर. पण चुकीचा आहार आणि ताण यांनी तो ओढवतो हे मी स्वतःच्या टँकमध्ये दोनदा पाहिलंय. उलट पीकॉक आणि हॅप यांना कोळंबी, किडे असा मांसाहार लागतो. नुसत्या स्पिरुलिनावर, म्हणजे शेवाळाच्या खाण्यावर, ते निस्तेज होतात. दोघांना एका टँकमध्ये ठेवलं की एकाचं ताट दुसऱ्याच्या पोटात जातं. शिवाय म्बुना इतके चपळ आणि खादाड की पीकॉकला घास मिळण्याआधी सगळं संपलेलं असतं.

याला एक अपवाद आहे, यलो लॅब. शास्त्रीय नाव लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. नावात निळा रंग, मासा मात्र हळदीसारखा पिवळा. गणतीत म्बुना असला तरी तो खडकांच्या फटीतले बारीक जीव टिपून खातो आणि स्वभावाने बराच सोशीक आहे. त्यामुळे तो दोन्ही घरचा पाहुणा. नवख्याने पहिला मासा यलो लॅबच घ्यावा. फक्त दुकानात दोन-चार वेळा निरखून घ्यावा. फिकट नारिंगी छटा असलेले, पाठीच्या परावरची काळी रेघ पुसट झालेले यलो लॅब बऱ्याचदा रेड झेब्रा नावाच्या म्बुनाशी संकर झालेले असतात.

भांडण कुणाशी?

आता मुख्य मुद्दा. या तलावांतल्या बहुतेक जातींत रंग हीच ओळख असते. मादी नराला रंगावरून निवडते, नर प्रतिस्पर्ध्याला रंगावरून ताडतो. व्हिक्टोरिया तलावात हे संशोधकांनी फार बारकाईने पाहिलंय. १९९७ साली ओले सीहाउझेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की शेती आणि जंगलतोडीमुळे पाणी गढूळ झालेल्या भागात माद्यांना रंग नीट दिसेनासे होतात आणि जातींमधल्या सीमा पुसल्या जातात. त्याच तलावात पुंडामिलिया नावाच्या लाल आणि निळ्या अशा दोन जवळच्या जाती आहेत. (लाल जातीला टांझानियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांचं नाव दिलेलं आहे. मासे पाळणाऱ्यांच्या गप्पांत राष्ट्राध्यक्षाचं नाव असं अवचित येतं.) त्यांच्या नरांच्या अभ्यासातून आपल्याच रंगाच्या नरावर जास्त तुटून पडण्याचा कल दिसला आहे.

टँकमध्ये याचा अर्थ साधा आहे. दोन निळे, लांबट अंगाचे, साधारण एका आकाराचे नर एकत्र ठेवलेत तर ते वेगवेगळ्या जातींचे असले तरी एकमेकांना भाऊबंद समजतील. इलेक्ट्रिक ब्लू हॅप आणि निळा पीकॉक ही अशी नेहमीची जोडी. दोघंही सुंदर, दोघंही आवडतात म्हणून आपण आणतो, आणि दोन महिन्यांत त्यातला एक रंग उडालेला, करडा होऊन कोपऱ्यात उभा असतो. हरलेला नर रंग टाकतो, मादीसारखा दिसायला लागतो; तो आजारी नसतो, दबलेला असतो. म्हणून दोन जाती निवडताना मी त्यांचे फोटो शेजारी ठेवतो आणि डोळे बारीक करून बघतो. पुसट दिसतानाही दोन्ही सारखे वाटले तर त्यातला एक रद्द. पट्टे उभे की नाहीत, अंग उंच की निमुळतं, रंग गरम की थंड, एवढं वेगळं असलं की पुरे.

दुसरी गोष्ट जागेची. म्बुनाचा नर एक फट किंवा एक दगड आपला मानतो आणि तिच्याभोवतीची वाळू राखतो. यातून दोन उलट्या वाटणाऱ्या गोष्टी निघतात. एक, टँकची उंची वाढवून काही फायदा नाही. जमीन लागते, म्हणजे लांबी आणि रुंदी. दोन फूट उंच आणि तीन फूट लांब टँकपेक्षा दीड फूट उंच आणि सहा फूट लांब टँक शंभर पट बरा. दुसरं म्हणजे थोडे मासे ठेवले की भांडण वाढतं. चार म्बुना असले की दादा एकाला धरून मारत राहतो. तीस असले की कुणाला मारायचं हेच त्याला ठरवता येत नाही; एकाच्या मागे धावला की तिघं त्याच्या हद्दीत शिरतात. म्हणून म्बुनाचा टँक मुद्दाम दाटीचा ठेवतात. पण ही दाटी फिल्टर आणि पाणी बदलणं यांच्या जिवावर असते, त्याकडे पुढे येतो.

आणि तिसरी गोष्ट माद्यांची. मलावीचे हे मासे तोंडात पिल्लं वाढवतात. मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात घेते. नराच्या खालच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात, ती तेही उचलायला जाते आणि त्या वेळी अंडी फळतात. मग साधारण तीन आठवडे ती काही खात नाही, गालफड फुगवून कोपऱ्यात उभी राहते. या काळात एकच मादी असेल तर नर तिला जगू देत नाही. एका नरामागे तीन-चार माद्या हा हिशेब म्हणून पाळायचा. पिल्लं लहान असताना नर-मादी ओळखता येत नसतील तर एका जातीची आठ-दहा घ्यायची आणि मोठी झाल्यावर जास्तीचे नर परत करायचे. दुकानदार परत घेणार का, हे आधी विचारून ठेवलेलं बरं.

टँक भरायला बसू

समजा सहा बाय दोन बाय दोनचा टँक आहे. २४ घनफूट, म्हणजे ६८० लिटरच्या आसपास पाणी. त्यात म्बुना ठेवायचे असतील तर माझी यादी अशी: आठ यलो लॅब, आठ रस्टी, आठ असेई आणि बारा डेमासोनी. रस्टी तांबूस-जांभळा आणि फारच शांत. असेई जांभळट निळा, शेपूट पिवळी, आणि तो खडकात न घुसता वरच्या अर्ध्या पाण्यात झुंडीने फिरतो, त्यामुळे टँकचा रिकामा भाग भरतो आणि भांडणात पडत नाही. डेमासोनी गडद निळा, उभे काळे पट्टे, जेमतेम तीन इंचांचा, आणि आपल्याच जातीशी भयंकर भांडकुदळ. तो टांझानियाच्या बाजूच्या पोम्बो रॉक्स भागातला. याला बारापेक्षा कमी आणूच नये. तीन आणले तर एक उरतो, सहा आणले तरी एक उरतो, बारा-पंधरा आणले तर बहुतेक सगळे उरतात. या चौघांत पट्टेवाला एकच आहे, हे लक्षात आलं असेल. खाणं सगळ्यांचं सारखं: स्पिरुलिनाची पेलेट, आठवड्यातून एक-दोनदा उकळत्या पाण्यातून काढलेला पालक किंवा काकडीची चकती.

पीकॉक-हॅपचा टँक वेगळ्या चालीचा असतो, शांत आणि ऐसपैस. तिथे दगड कमी, वाळू जास्त. एका पीकॉक जातीचा एक नर, चार माद्या. सहा यलो लॅब. रेड एम्प्रेस या हॅपचा एक नर आणि तीन माद्या. आणि ब्लू डॉल्फिन चार-पाच. ब्लू डॉल्फिन म्हणजे सिर्टोकारा मूरी, वाळू उकरणाऱ्या मोठ्या माशांच्या मागे राहून उडालेल्या धुरळ्यातले किडे टिपतो. मोठेपणी डोक्यावर गुबगुबीत टेंगूळ येतं. पीकॉकची एकच जात का? कारण नर कितीही रंगीत असले तरी सगळ्या पीकॉक जातींच्या माद्या करड्या-तपकिरी आणि एकसारख्या. दोन जाती एकत्र ठेवल्या की संकर होतात आणि ती पिल्लं पुढे भलत्याच नावाने विकली जातात. दुकानातले ओबी पीकॉक, ड्रॅगन ब्लड ही माणसाने संकरातून घडवलेली वाणं आहेत, तलावात ती नाहीत. मला ती आवडत नाहीत; ज्यांना आवडतात त्यांनी खुशाल पाळावीत, फक्त मूळ जातीच्या माद्यांबरोबर नकोत.

याला एक पळवाट आहे, आणि सध्या मोठ्या टँकवाल्यांची तीच पसंती: नुसत्या नरांचा टँक. बारा-पंधरा वेगवेगळ्या जातींचे नर, प्रत्येकी एक, मादी एकही नाही. मादी नसली की भांडणाचं मोठं कारण जातं आणि सगळ्या टँकमध्ये रंगच रंग. पण इथे डोळे बारीक करायची परीक्षा दुप्पट कडक लावावी लागते, आणि चुकून एक मादी शिरली की महिनाभरात सगळी सभा उधळते.

हॅपमधले मोठे शिकारी मात्र जपून. व्हेनस्टस दहा इंचांपर्यंत जातो आणि तोंडात मावेल ते खातो. त्याच्या भावाची, लिव्हिंगस्टोनीची गंमत सांगायला हवी. स्थानिक नाव कालिगोनो, म्हणजे झोपाळू. तो वाळूवर आडवा पडतो, अंगावरचे डाग कुजल्यासारखे दिसतात, मेलेला मासा समजून छोटे मासे खायला येतात आणि मग तो उठतो. टँकमध्ये पहिल्यांदा असा पडलेला दिसला की मालक जाळी घेऊन धावतो.

सिक्लिडांशिवाय कोण

सोबतीला सिनोडोंटिस जातीचे आफ्रिकन कॅटफिश उत्तम. डोक्यावर हाडाचं कवच, काटे भक्कम, दिवसा दगडाखाली, रात्री बाहेर. त्यातला एक मात्र ओळखून घ्यावा. टांगानिका तलावातला सिनोडोंटिस मल्टिपंक्टेटस, ठिपक्यांचा, फार देखणा. सिक्लिडची जोडी अंडी घालत असतानाच हा मध्ये घुसून आपली अंडी टाकतो. सिक्लिड मादी गडबडीत तीही तोंडात घेते. याची पिल्लं आधी बाहेर पडतात आणि तोंडातल्या तोंडात तिचीच अंडी-पिल्लं खातात. कावळ्याच्या घरट्यातली कोकिळा, फक्त घरटं आईच्या तोंडात. ते पहिल्यांदा नोंदलं गेलं १९८६ साली. मलावीच्या माशांबरोबरही टँकमध्ये तो हेच करतो. पिल्लांची हौस असेल तर तो नको, नसेल तर बघायला विलक्षण.

काच साफ करायला दुकानदार ‘सकर’ देतो. तो साधा प्लेको असतो, फूटभर होतो आणि रात्री मोठ्या माशांच्या अंगावरचा चिकटा चाटायला लागतो. त्यापेक्षा त्याच्याच जातकुळीतला, पण छोटा राहणारा ब्रिसलनोज बरा. पीकॉकच्या टँकमध्ये वरच्या थरात जायंट डॅनिओची झुंड सोडली तर बुजरे पीकॉक उघड्यावर येतात. वर छोटे मासे बिनधास्त फिरताना दिसले की खालच्यांना धोका नाही असं वाटतं. या डॅनिओचा सख्खा भाऊ, मलबार डॅनिओ, आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतला.

ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट हे सिक्लिडच असले तरी अमेरिकेकडचे किंवा तिकडच्या माशांपासून घडवलेले. त्यांना या टँकमध्ये आणू नये. ऑस्कर मोठा असतो म्हणून दादागिरी करेल असं वाटतं, प्रत्यक्षात म्बुना त्याचे पर कुरतडून त्याला हैराण करतात. गोल्डफिश, एंजल यांची नावंही काढू नका.

टांगानिकाबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळ्या टँकचा विषय आहे. हा तलाव जवळजवळ १,४७० मीटर खोल, पाणी मलावीपेक्षाही अल्कधर्मी. तिथला फ्रॉन्टोसा फूटभर होतो, संथ, राजेशाही. म्बुनाच्या धावपळीत तो खाणंच विसरतो. त्याच तलावातले मल्टी (मल्टिफॅसिएटस) नावाचे सिक्लिड इंच-दीड इंचाचे, गोगलगाईंच्या रिकाम्या शंखात संसार करणारे. दोघांनाही मलावीच्या टँकमध्ये घालू नये. मोठ्या टँकमध्ये सात-आठ फ्रॉन्टोसा आणि सोबत दोन-तीन सिनोडोंटिस, बस्स. तसा टँक मी एकदाच पाहिलाय, पण अजून विसरलेलो नाही.

पाणी, वजन आणि वीज

मलावीचं पाणी अल्कधर्मी आहे, पीएच साधारण ७.८ ते ८.६, तापमान २४ ते २८. मुंबई-पुण्याच्या नळाला येणारं पाणी धरणांतलं, पावसाचं, म्हणून मऊ. ते टँकमध्ये महिनोन्‌महिने राहिलं की पीएच घसरत जातो. त्यावर उपाय स्वस्त आहे: फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा किंवा स्वच्छ धुऊन उकळलेली शिंपली एका जाळीच्या पिशवीत. बोअरचं क्षाराचं पाणी असलेल्यांनी मात्र आनंद करावा. ज्या पाण्याने गिझरची कॉइल जाते आणि नळावर पांढरे थर बसतात, ते या माशांना बरंच मानवतं. आरओचं पाणी घालण्याचा आगाऊपणा करू नये.

पण याच पीएचला एक धारदार बाजू आहे, ती दुकानात कुणी सांगत नाही. माशांच्या विष्ठेतून अमोनिया होतो. तो पाण्यात दोन रूपांत असतो, एक तुलनेने निरुपद्रवी, दुसरं विषारी, आणि कुठलं किती हे पीएच ठरवतो. २५ अंशांना पीएच ७ असेल तर विषारी भाग अर्ध्या टक्क्याच्या आसपास, पीएच ८ झाला की पाच टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ दहापट, ८.५ ला पंधरा टक्के. गोल्डफिशच्या टँकमध्ये खपून गेलेली ढिलाई इथे एका रात्रीत मासे मारते. म्हणून नवा टँक चार ते सहा आठवडे फिल्टर चालू ठेवून, अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंना त्याचं खाद्य देत मुरू द्यायचा, मगच मासे. दाटीच्या टँकला तासाला सहा-आठ वेळा सगळं पाणी फिरवेल असा फिल्टर आणि दर आठवड्याला चाळीस-पन्नास टक्के पाणी बदल. वीज गेली की बॅटरीवर चालणारा एअर पंप हाताशी हवाच. मे महिन्यात पाणी तिशीपार जातं आणि त्यातला प्राणवायू कमी होतो. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावला की दोन-तीन अंश उतरतात.

वजनाचं गणित लोक शेवटी करतात, ते आधी करावं. ६८० किलो पाणी, शंभर-सव्वाशे किलो काच, तेवढेच दगड. ९०० किलोच्या आसपास जातं. राहत्या खोलीची स्लॅब चौरस मीटरला २०० किलो भार धरून आखतात. हा टँक सव्वा चौरस मीटरही जागा घेत नाही, म्हणजे चौरस मीटरला ८०० किलो. म्हणून तो बीमच्या जवळ, भिंतीला लांबीने टेकून, आणि जुन्या इमारतीत इंजिनिअरला विचारूनच. आपला काळा बसाल्ट या टँकसाठी झकास. मात्र दगड आधी तळाच्या काचेवर थर्मोकोल किंवा जाळीचा पत्रा टाकून त्यावर बसवायचे, वाळू नंतर. हे मासे वाळू उपसतात, आणि वाळूवर टेकवलेला दगड रात्री घसरून काचेवर येतो.

मासे आणताना शक्यतो सगळे एकाच सुमाराला, एकाच मापाचे. टप्प्याटप्प्याने आणायचेच असतील तर मवाळ आधी, दांडगे शेवटी. नवा मासा सोडण्याआधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवायचा, आणि सोडायच्या दिवशी दगडांची मांडणी बदलून दिवे बंद करायचे. हद्दी मोडल्या की जुन्यांनाही नव्याने सुरुवात करावी लागते. एखादा अति करत असेल तर मार खाणाऱ्याला बाजूला काढू नका, मारणाऱ्याला काढा. आठवडाभर जाळीच्या पिंजऱ्यात ठेवला की त्याची जागा दुसऱ्याने घेतलेली असते आणि परतल्यावर तो बराच नरमलेला असतो. नेहमीच नाही.

माझा ऑरॅटस नरमला नाही. शेवटी एका रविवारी मी त्याला पिशवीत घालून जिथून आणला तिथेच परत दिला. दुकानदाराने पिशवी उजेडात धरून पाहिली, ‘पीस मस्त झालाय’ म्हणाला, आणि मला काही बोलायची संधी मिळण्याआधी पिशवी उघडून तो ‘मिक्स आफ्रिकन’मध्ये सोडून दिला.